पंचायत निवडणुकीत मतदान केंद्रावर काही कमी पडू नये म्हणून

प्रश्न विचारणारे गोव्यातल्या डिचोली तालुक्यात शिक्षक आहेत. पंचायत निवडणुकीसाठी प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे मतदान केंद्राचे प्रमुख अधिकारी, म्हणून त्यांची पहिल्यांदाच नेमणूक झाली आहे. अमेरिकेत ऐन मतदानाच्या वेळी मतपत्रिका संपल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या आणि मनात धास्ती बसली. आपल्याकडे असं होऊ शकतं का, झालं तर आपण काय करायचं, आणि साहित्याच्या त्या लांबलचक यादीतलं खरोखर काय तपासायचं, घरून काय न्यायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आकड्यानं मतपत्रिका कमी पडणं आपल्याकडे फार अवघड आहे. आपल्याकडे छपाई मतदारयादीवरून होते. तुमच्या केंद्राच्या यादीत पाचशे वीस नावं असतील तर पाचशे वीस लोक येतील असं धरूनच मतपत्रिका येतात, वर थोड्या जादा. मतदान साठ टक्के होईल की ऐंशी, हा विचार छापताना करायचाच नसतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी किती लोक येतील याचा अंदाज बांधून केंद्राकेंद्राला पुरवठा करतात. अंदाज चुकला की रांग थांबते. ७ नोव्हेंबर २०२३ ला मिसिसिपी राज्यातल्या हाइंड्स काउंटीत बऱ्याच केंद्रांवर मतपत्रिका संपल्या आणि कोर्टाला मतदानाची वेळ वाढवून द्यावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, ८ नोव्हेंबर २०२२ ला, टेक्सासच्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टन शहराच्या भागात, वेगळाच प्रकार झाला. तिथं मतदार यंत्रावर निवड करतो आणि ती एका खास कागदावर छापून निघते. काही केंद्रांवर तो कागदच अपुरा पडला. यंत्रं ठीक, माणसं ठीक, मतदार दारात, आणि कागद नाही.

तेव्हा आकड्याची धास्ती तुम्ही सोडा. आपल्याकडची अडचण दुसरी आहे, आणि ती मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. वस्तू असते, पण चुकीची असते. किंवा बरोबर असते, पण हवी तिथं नसते. मतपत्रिका भरपूर, पण शेजारच्या वॉर्डाच्या. शाईची बाटली आहे, पण कलंडून अर्धी टेबलावर. शिक्का आहे, पण पॅड सुकलेलं. सील करायची लाख आहे, आगपेटी दमट.

पंचायत निवडणुकीत हे जास्त का होतं ते समजून घ्या. विधानसभेला सगळ्या गोव्यात ४० मतदारसंघ, म्हणजे मतपत्रिकेचे ४० नमुने. लोकसभेला तर दोनच. पंचायतीत प्रत्येक वॉर्डाचे उमेदवार वेगळे, म्हणून प्रत्येक वॉर्डाची मतपत्रिका वेगळी. १० ऑगस्ट २०२२ ला १८६ पंचायतींचं मतदान झालं तेव्हा साडेचौदाशेच्या आसपास वॉर्ड होते. बिनविरोध झालेले सोडले तरी चौदाशेच्या आसपास वेगवेगळ्या मतपत्रिका. त्यातही अर्ज मागे घेण्याची मुदत संपून चिन्हं वाटली गेल्याशिवाय छपाईला हात लावता येत नाही. म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांत एवढे नमुने जुळवायचे, तपासायचे, छापायचे, क्रमांक घालायचे, गठ्ठे बांधायचे आणि बारा तालुक्यांत पोचवायचे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यासाठीच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाला सगळ्या गोव्यात फूल आणि दोन पानं अशी दोनच चिन्हं होती. पेडण्यासाठी छापलेली मतपत्रिका काणकोणात चालली असती. पंचायतीला एका शाळेच्या दोन वर्गांत दोन वॉर्ड असतात, आणि या वर्गातला गठ्ठा त्या वर्गात निरुपयोगी असतो.

म्हणून तुमचं सगळ्यात मोठं काम मतदानाच्या आदल्या दिवशी, साहित्य वाटपाच्या टेबलावर होतं. तिथं काय वातावरण असतं ते सांगून ठेवतो. मंडपात किंवा हॉलमध्ये गर्दी, लाउडस्पीकरवर केंद्रांचे नंबर, बाहेर कदंबच्या बसगाड्या उभ्या, कुणाचा चौथा पोलिंग ऑफिसर अजून आलेला नाही, कुणाची बस सुटायला आली आहे. प्रत्येकाला पिशवी उचलून निघायची घाई असते. टेबलामागचा माणूस सकाळपासून उभा असतो, तोही म्हणतो, ‘सर, सगळं चेक केलेलं आहे, सही करा.’ सही करू नका. त्याच्यावर रागावूही नका. बाजूला बसा, तुमच्या पोलिंग ऑफिसरांना घ्या आणि मतपत्रिकांचे गठ्ठे उघडा.

गठ्ठे मोजणं म्हणजे मतपत्रिका मोजणं नव्हे. गठ्ठ्यावर लिहिलेला पहिला आणि शेवटचा क्रमांक वाचून बेरीज करून मोकळं होणारे पुष्कळ असतात. तुम्ही पान उलटत जा. मधला एखादा क्रमांक गळलेला असतो, एखादा दोनदा आलेला असतो, एखाद्या मतपत्रिकेवर एक क्रमांक आणि तिच्या स्थळप्रतीवर, म्हणजे फाडल्यावर गठ्ठ्यात राहणाऱ्या तुकड्यावर, दुसरा असतो. छपाईत शाई फिकी पडून एका उमेदवाराचं चिन्ह अर्धवट उमटलेलं असतं. अशी प्रत्येक मतपत्रिका तिथल्या तिथं दाखवायची, लेखी नोंद करून घ्यायची आणि बदलून किंवा वजा करून घ्यायची. पाचशे-सहाशे मतपत्रिकांना दोन माणसांनी बसून अर्धा-पाऊण तास लागतो. संध्याकाळी मतपत्रिकांचा हिशेब लावताना एकच कमी भरली तर याच्या दुप्पट वेळ जातो, आणि उमेदवारांचे एजंट समोर बसलेले असतात.

त्याआधी, अगदी पहिली गोष्ट, पंचायतीचं नाव, वॉर्ड क्रमांक आणि उमेदवारांची नावं मोठ्यानं वाचा. उमेदवारांची अंतिम यादी तुमच्या हातात असते. एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं मतपत्रिका. नाव, क्रम, चिन्ह. एका तालुक्यात एकाच शाळेतल्या दोन केंद्रांचे गठ्ठे अदलाबदल होऊन बाहेर पडायच्या बेतात होते. पाकिटावर वॉर्ड क्रमांक बरोबर, आत मतपत्रिका शेजारच्या वॉर्डाच्या. एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेनं टेबलावर बसून नावं वाचायला घेतली आणि दुसऱ्याच नावाला थांबली. दहा मिनिटांत दुरुस्ती झाली. हेच सकाळी आठ वाजता, एजंटांसमोर, रांग लागलेली असताना कळलं असतं तर त्या दोन्ही वॉर्डांचं मतदान खोळंबलं असतं. आणि मतदान सुरू झाल्यावर, चाळीस-पन्नास मतं पेटीत पडल्यावर कळलं असतं तर त्या केंद्रावर पुन्हा मतदान घ्यायची पाळी आली असती. त्या बाईंनी प्रशिक्षणात सांगितलेलंच केलं होतं, निराळं काही नाही.

मतदारयादीचंही तसंच. चिन्हांकित प्रत, म्हणजे मतदान करून गेलेल्यांच्या नावावर खूण करायची यादी, तुमच्याच केंद्राची आहे ना, पुरवणी यादी जोडलेली आहे ना, पानं सलग आहेत ना, एवढं बघा. पुरवणी यादी विसरली तर नव्यानं नाव लागलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच मत द्यायला येतो आणि त्याला ‘नाव नाही’ ऐकावं लागतं. तो परत जातो. अशी माणसं पुढच्या वेळी यायचा कंटाळा करतात, आणि मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते त्याचंच.

आता सह्यांविषयी. मतपत्रिकेच्या मागे केंद्राचा शिक्का आणि तुमची सही लागते. सही नसलेली मतपत्रिका मोजणीत वादात सापडते आणि त्यात मतदाराची काही चूक नसते. काही जण आदल्या रात्रीच सगळ्यांवर सह्या करून ठेवतात. मला ते पटत नाही. सही झालेली कोरी मतपत्रिका म्हणजे वापरायला तयार असलेलं मत, ती रात्रभर शाळेच्या वर्गात कशाला ठेवायची? शिवाय संध्याकाळी न वापरलेल्या मतपत्रिकांत सही केलेल्या आणि न केलेल्या असा वेगळा हिशेब वाढतो. सकाळी एजंटांसमोर सुरुवातीच्या गर्दीपुरत्या करा आणि पुढं रांग पाहून एकेक गठ्ठा करत जा. पण सह्यांसाठी रांग थांबली असं मात्र होऊ देऊ नका. हातातला गठ्ठा अर्धा झाला की पुढचा घ्यायचा, एवढी सवय ठेवा.

खरी कोंडी होते ती शिक्क्याच्या ठिकाणी. मतदार ज्यानं मतपत्रिकेवर खूण करतो तो बाणफुलीचा रबरी शिक्का ही केंद्रावरची सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक, आणि तीच नसली तर सगळं ठप्प. मतदार शिक्का खिशात घालून जातो. मुद्दाम नाही हो, गडबडीत. म्हातारी माणसं मतपत्रिकेच्या घडीत शिक्का ठेवून दोन्ही पेटीत टाकतात. असं झालं तर पेटी उघडायची नाही, हलवायची नाही, काठी घालून काढायची नाही. दुसरा शिक्का द्यायचा, डायरीत वेळ लिहून नोंद करायची, एजंटांना सांगायचं. पहिला शिक्का मोजणीच्या वेळी निघतोच. म्हणून वाटपाच्या टेबलावर शिक्के किती मिळाले ते मोजाच, पण प्रत्येक शिक्का कागदावर मारूनही बघा. रबर अर्धं सुटलेलं असतं, फुलीचा एक हात उमटत नाही. अर्धवट उमटलेली खूण मोजणीच्या टेबलावर भांडण लावते. केंद्रावर शिक्का सुतळीनं टेबलाला बांधा. सुतळी एवढी लांब ठेवा की मतदाराला वाकून, तिरकं होऊन शिक्का मारावा लागू नये. आखूड सुतळीमुळे शिक्का दोन उमेदवारांच्या मधल्या रेघेवर पडतो, हे मी मोजणीत पाहिलं आहे.

पॅड जांभळ्या शाईचं असतं. पावसाळ्यात ते सुकत नाही, उलट सुटतं. शाई जास्त झाली की घडी घातल्यावर खूण दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यावर उमटते. म्हणूनच मतपत्रिका आधी उभी आणि मग आडवी दुमडायची, हे पोलिंग ऑफिसरनं देताना करून दाखवायचं असतं. ते तोंडी सांगून भागत नाही. एका मतपत्रिकेला घडी घालून, परत उलगडून मतदाराच्या हातात द्यायची. घडीच्या खुणा असल्या की माणूस आपसूक तशीच दुमडतो.

मतदान कक्ष दोन लावायची सोय असेल तर दोन लावा, आणि दोन्हींत शिक्का-पॅड ठेवा. हिशेब साधा आहे. ओळख, शाई, सही, मतपत्रिका हे सगळं मिळून एका मतदाराला पाऊण मिनिट लागलं तर तासाला ऐंशी मतदार होतात. पण कक्षात शिरलेली आजी दोन मिनिटं चिन्ह शोधत राहिली तर एका कक्षावर तासाला तीसच होतात. बाहेर रांग वाढते, लोक म्हणतात स्टाफ हळू काम करतो. स्टाफ हळू नसतो, शिक्का एकच असतो.

शाईची बाटली. ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून देशभर जाते, १९६२ पासून निवडणुकांना तीच आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेड लागला की ती काळी पडते आणि कातडीवर टिकते. बाटली लहान, तोंड अरुंद, आणि दिवसभरात शेकडो वेळा काडी आत-बाहेर होते, त्यामुळे ती कलंडतेच. सूचनांमध्ये एक जुना उपाय दिलेला असतो आणि लोक त्याला हसतात. पसरट बुडाच्या डब्यात किंवा वाटीत वाळू भरायची आणि बाटली तीन-चतुर्थांश वाळूत रोवायची. करा. नारळाची करवंटी घेतलीत तर ती डुगडुगते, चहाचा जुना स्टीलचा डबा बरा. वाळू शाळेच्या आवारात मिळते, पण पावसाळ्यात ओली असते, म्हणून घरून कोरडी मूठभर न्या. कलंडलेल्या बाटलीतली शाई परत भरता येत नाही, टेबल आणि हात मात्र काळे होतात. आणि शाई लावायच्या आधी बोट कापडानं पुसा. मासे साफ करून, स्वयंपाक करून, कुळागरात काम करून लोक येतात, बोटाला तेल असतं, शाई धरत नाही. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेराच्या खालपर्यंत रेघ. रेघ ओढायची, ठिपका नाही. रेघ नीट असली तर बाटली पुरते, कारण पुन्हा बोलावून लावावी लागत नाही.

पावसाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण छापील यादीत पाऊस नसतो. आपल्याकडे पंचायतीच्या निवडणुका जून-ऑगस्टमध्ये आल्या आहेत. २०१७ ला ११ जून, २०२२ ला १० ऑगस्ट. सत्तरीत, सांगेत, धारबांदोड्यात त्या दिवसांत पाऊस म्हणजे तास-दोन तास नव्हे. दिवाडी आणि चोडणला साहित्य फेरीबोटीनं जातं. पिशवीत ताडपत्रीचा तुकडा आणि दोन-तीन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या स्वतःच्या ठेवा. मतपत्रिका कापडी पिशवीत, ती प्लास्टिकमध्ये, आणि बसमध्ये खाली पायाशी नाही तर मांडीवर. सादळलेला कागद एकमेकांना चिकटतो, स्थळप्रतीवरून फाडताना दोन मतपत्रिका एकदम येतात किंवा एक अर्धी फाटते. केंद्रावर पोचल्यावर गठ्ठे खिडकीपासून दूर, कपाटात किंवा बाकावर, जमिनीवर नको. शाळेच्या कौलांतून कुठं गळतं ते गावातल्या कुणालाही माहीत असतं, शिपायाला विचारा आणि टेबलं त्याप्रमाणे मांडा.

लाख ओल्या दोऱ्यावर धरत नाही. वर चढते, थंड होते आणि तशीच सुटून येते. दोरा आणि सुतळी कोरडी राहिली पाहिजे. मेणबत्ती, आगपेटी, लाख, पितळी सील हे सगळं एका डब्यात, झाकण घट्ट. आगपेट्या दोन ठेवा, शक्य तर लायटर. वीज जाणार हे धरूनच चला. बॅटरीचा दिवा चार्ज करून न्या, कारण मतदान पाचला संपलं तरी पाकिटं, फॉर्म, सील हे काम पावसाळी संध्याकाळच्या काळोखात असतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, काही कमी पडलंच तर काय. तुमच्या आणि तालुक्याच्या कचेरीच्या मध्ये सेक्टर ऑफिसर असतो. त्याच्या गाडीत जादा शिक्के, पॅड, शाई, पाकिटं, कोरे फॉर्म असतात. त्याचा नंबर फोनमध्ये असून भागत नाही, कागदावर लिहून टेबलाला चिकटवा, कारण तुमचा फोन बंद पडेल तेव्हा पोलिंग ऑफिसरला तो लागेल. त्यानं फेरीत विचारलं, ‘काही हवंय?’ की लोक सवयीनं ‘नको, सगळं ठीक’ म्हणतात. तसं म्हणू नका. उठा, बघा, मग सांगा. दर दोन तासांनी तुम्हाला मतदानाचा आकडा कळवायचा असतोच. त्याच वेळी शेजारी दुसरा आकडा लिहा, शिल्लक मतपत्रिकांचा. दोन्हींची बेरीज, त्यात रद्द झालेल्या धरून, मिळालेल्या संख्येइतकी व्हायलाच हवी. न झाल्यास तेव्हाच शोधा. दहा वाजता एक मतपत्रिका शोधणं सोपं असतं, सहा वाजता नाही.

मागणी वेळेआधी करा. वाळपईहून एखाद्या आतल्या वाड्यावर गाडी यायला भर पावसात तास लागू शकतो. शाई एक चतुर्थांश उरली, पॅड फिकं उमटायला लागलं, शिक्का एकच राहिला, की फोन करायचा. ‘अजून चालतंय’ हा विचार दुपारी दोन वाजता बरा वाटतो. आपल्याकडे दुपारी जेवणानंतर केंद्र शांत होतं, लोक आडवे होतात. त्या शांततेत वस्तू मागवून घ्यायच्या, कारण साडेतीन-चारला दुसरी गर्दी येते. रविवारी मतदान असेल आणि गावात चर्च असेल तर मिस सुटल्याबरोबर एकदम साठ-सत्तर माणसं येतात. देवळाच्या गावात सकाळी दहाच्या आत निम्मी गर्दी उरकते. तुमच्या केंद्राच्या गावाची अशी वेळ कोणती, ते आदल्या संध्याकाळी तिथल्या माणसाला विचारून ठेवा आणि त्या वेळेआधी सह्या, सुटे गठ्ठे, पॅड सगळं तयार ठेवा.

शेजारच्या केंद्रावरून उसनं काय आणायचं आणि काय नाही, यात गोंधळ करू नका. दोरा, मेणबत्ती, डिंक, टाचण्या खुशाल आणा. मतपत्रिका कधीच नाही. वॉर्ड वेगळा असेल तर ती उपयोगाचीच नाही. जिल्हा पंचायतीला दोन केंद्रांची मतपत्रिका एकसारखी असू शकते, पण तिथंही क्रमांक केंद्रानुसार लावून दिलेले असतात. निर्वाचन अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय आणि पोचपावतीशिवाय एकही मतपत्रिका इकडून तिकडे जाता कामा नये. मतपत्रिकेच्या मागे मारायचा केंद्राचा शिक्का आणि पितळी सील यांनाही हेच लागू.

मतपत्रिका खरोखरच वापरण्याजोग्या उरल्या नाहीत, समजा पाण्यानं भिजल्या, तर आधी निर्वाचन अधिकाऱ्याला फोन, मग डायरीत वेळ, मग एजंटांना आणि रांगेतल्या लोकांना स्पष्ट सांगणं. लोकांना काय झालं ते सांगितलं की लोक थांबतात. दार लावून आत कुजबुज सुरू केली की अफवा उठते. मतदान तहकूब करायची वेळ येईलच असं नाही, पण ते पाऊल स्वतःच्या मनानं उचलू नका. वेळ वाढवून देणंही तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. मतदान संपायच्या ठोक्याला रांगेत जितके उभे असतील त्या सगळ्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढं यायचं, आणि त्या सगळ्यांचं मतदान घ्यायचं. त्या चिठ्ठ्या सकाळीच क्रमांक घालून, सही करून तयार ठेवा. ऐन वेळी कागद फाडत बसलात तर तेवढ्यात मागून चार माणसं रांगेत शिरतात.

बिघडलेली मतपत्रिका आणि प्रदत्त मतपत्रिका यांची पाकिटं सुरुवातीलाच वेगळी काढून नाव लिहून ठेवा. मतदाराकडून चुकून मतपत्रिका खराब झाली आणि त्यानं ती परत दिली तर तुमची खात्री पटल्यावर दुसरी देता येते, पहिली रद्द म्हणून पाकिटात. एखादा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून त्याला प्रदत्त मतपत्रिका द्यायची. ती पेटीत टाकायची नाही, पाकिटात ठेवायची. हे प्रसंग क्वचित येतात, पण येतात तेव्हा मतदार चिडलेला असतो, आणि पाकीट शोधत बसणारा अधिकारी त्याला लपवाछपवी करणारा वाटतो.

तुम्हाला पुढं विधानसभा-लोकसभेचीही ड्युटी लागेल, म्हणून मतदान यंत्राबद्दल थोडक्यात. १९९९ च्या विधानसभेला सगळ्या मतदारसंघांत यंत्र वापरणारं गोवा हे पहिलं राज्य, आणि २०१७ ला सगळ्या केंद्रांवर व्हीव्हीपॅटही, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्रही, आपल्याकडेच आधी आलं, त्यामुळे इथल्या कर्मचाऱ्यांचा हात बसलेला आहे. तिथं मतपत्रिकांचा प्रश्न राहत नाही, फक्त प्रदत्त मतांसाठी मोजक्या छापील मतपत्रिका देतात, त्या मोजून घ्या. तिथं पुरवठा म्हणजे बॅटरी, सील आणि राखीव यंत्र. मतदान चालू असताना मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट किंवा अधिकाऱ्याजवळचं कंट्रोल युनिट बिघडलं तर व्हीव्हीपॅटसह पूर्ण संच बदलावा लागतो, आणि नव्या संचावर नोटासकट प्रत्येक उमेदवाराला एकेक असं चाचणी मतदान घेऊन ते पुसावं लागतं. नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतं. त्यातला कागदाचा रोल केंद्रावर बदलायचा नसतो. व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली ठेवू नका. मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत मोठ्या संख्येनं यंत्रं अडली, फेरमतदान घ्यावं लागलं, आणि जादा उजेड व उष्णता हे कारण पुढं आलं होतं. आपल्या शाळांचे वर्ग मोठ्या खिडक्यांचे असतात, तेव्हा कक्षाची जागा पाहून ठरवा.

घरून काय न्यायचं असंही तुम्ही विचारलं आहे. चार चांगली पेनं, सेलोटेप, कात्री, कोरडं फडकं, रबरबँड, दिवा, वाळूचा डबा. शाई, पॅड आणि शिक्का मात्र दिलेलाच वापरा, सरकारी पॅड संपलं म्हणून दुकानातून निळं आणलेलं पॅड मोजणीत संशयाला जागा देतं.

परत येताना जमा करायचं साहित्य दोन ढीग करून आणा. मतपेटी, मतपत्रिकांचा हिशेब, सीलबंद पाकिटं, डायरी एका हाताला. उरलेली शाई, शिक्के, पितळी सील, पॅड दुसऱ्या हाताला. स्वीकारणाऱ्या टेबलावर पुन्हा तीच घाई असते, आणि रात्र झालेली असते. प्रत्येक वस्तूपुढं खूण झाल्याशिवाय जागा सोडू नका. पोचपावतीवर पितळी सील आणि बाणफुलीच्या शिक्क्यांची संख्या लिहून घ्या, आणि त्या पावतीचा तिथंच फोटो काढून ठेवा.